घरगुती प्रिंटर : पानामागचा खर्च

घरगुती प्रिंटर किती महाग आहे हे खरेदीच्या बिलावरून कळत नाही. शाई किंवा टोनर, ड्रम आणि दुरुस्ती धरून एका पानाला किती पैसे पडतात, ती त्याची खरी किंमत. स्वस्त इंकजेट यंत्रांची विक्री बहुधा थोड्या नफ्यावर होते आणि कमाई कार्ट्रिजवर निघते. म्हणून दुकानातला सर्वांत स्वस्त प्रिंटर पानामागे बऱ्याचदा सर्वांत महाग पडतो.

कार्ट्रिजच्या खोक्यावरचा पानांचा आकडा आयएसओ मानकांनुसार काढतात : एकरंगी टोनरसाठी १९७५२, इंकजेटसाठी २४७११. या चाचणीत ठरावीक नमुना-पाने सलग छापली जातात. घरात तसे होत नाही. मुलांच्या प्रकल्पाची चार पाने, आधारकार्डाची एक प्रत, मग तीन आठवडे यंत्र बंद. तेवढ्यात इंकजेटच्या शाई फवारणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत शाई सुकते आणि छापलेल्या मजकुरात पांढऱ्या रेघा येतात. हेड क्लीनिंग केले की शाई कागदावर न येता यंत्राच्या तळच्या पॅडमध्ये मुरते. क्वचित छापणाऱ्याचा खरा तोटा इथे होतो, आणि खोक्यावरच्या आकड्यात तो धरलेला नसतो.

कार्ट्रिजचा हा खर्च टाळायला इंडोनेशियात लोक प्रिंटरला नळ्या लावून बाहेरून शाई पुरवत असत. एप्सनने २०१० मध्ये टाकीचा प्रिंटर प्रथम तिथेच विकायला आणला. यंत्र महाग, शाई स्वस्त. ‘००३’ या काळ्या शाईच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीतून कंपनीच्या मोजणीनुसार ४,५०० पाने निघतात. लहान कार्ट्रिजमधून फक्त काही शे पाने.

लेझरचा टोनर म्हणजे कोरडी पूड, ती सुकण्याचा प्रश्न नाही. भारतात अनेक घरांत आणि कचेऱ्यांत पोचलेले एचपीचे ‘१२ए’ कार्ट्रिज सुमारे २,००० पानांचे. प्रिंटरला कार्ट्रिजची ओळख पटवणारी चिप त्याला नसल्याने ते रिफिल करणे, म्हणजे पुन्हा भरणे, सोपे. कारागीर ते उघडतो, साठलेली टाकाऊ पूड झटकतो, ब्लेड पुसतो आणि नवी पूड भरतो. ज्यावर पानाची प्रतिमा तयार होते त्या ड्रमवर ओरखडा असला तर प्रत्येक पानावर सारख्या अंतराने तोच डाग उमटत राहतो. मग ड्रमही बदलावा लागतो.

अमेरिकेत रिफिलच्या आड पेटंटही येत नाही : एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर पेटंटचा हक्क उरत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात २०१७ मध्ये दिला. चिपचा अडसर मात्र त्यानंतरही राहिला : अनेक नवे प्रिंटर दुसऱ्या कंपनीची चिप ओळखली की भरलेले कार्ट्रिजही नाकारतात.