आचरणाची कसोटी

धर्मश्रद्धेची परीक्षा वादसभेंत होत नाहीं. ती रोग्याच्या उशाशीं आणि दुष्काळांत होते. राजापेठेंत आमच्या स्नेहीमंडळींत पंडिता रमाबाईंचा विषय निघाला, कीं अर्धे स्तुति करितात, अर्धे रागावतात. रागास कारण आहे. १८८३ सालीं ख्रिस्ती झालेल्या बाईंनीं १८८९ त शारदासदन काढलें. तेथील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊं लागतांच १८९३ त रानडे व भांडारकर यांनीं सल्लागारपद सोडलें, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्यांची तक्रार आम्ही पोकळ मानीत नाहीं.

परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत आमच्या वऱ्हाडाशेजारच्या मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों निराधार मुलींना बाईंनीं उचलून आणलें, व पुढें केडगांवीं त्यांस अन्न, अक्षर आणि हाताला उद्योग दिला. स्वतः त्या अखेरपर्यंत शाकाहारी व साध्या राहिल्या. त्या मुलींनाही त्यांनीं ख्रिस्ताची वाट दाखविली, हें खरें. बाईंच्या हेतूविषयीं वाद घालण्याचा अधिकार आम्हांस आहेच. पण आमच्या पंक्तीस कधीं एखाद्या अनाथ मुलीचें पान मांडलें होतें काय, हा प्रश्न आम्ही प्रथम आम्हांसच विचारतों.