सोळा तोळे चांदी

कर्जदारांना व्याज समजावून सांगण्याचं काम आमच्या शाखेत माझ्याकडे आहे. बी. कॉम. झाल्याची शिक्षा! मी आकडे मांडतो. समोरचा शेतकरी ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, "ते खरं साहेब, पण चुकलं कुणाचं?" याचं उत्तर आमच्या एकाही सर्क्युलरमध्ये नाही.

ते सापडलं होतं अमेरिकेतल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनला. तिकडे शेतमालाचे भाव वर्षानुवर्षं उतरत होते, कर्ज मात्र ठरल्या डॉलरांतच फेडायचं. उपाय निघाला, सोन्याबरोबर चांदीचीही नाणी हवी तितकी पाडा. सोळा तोळे चांदी म्हणजे एक तोळा सोनं. पैसा वाढेल, भाव चढतील, कर्ज हलकं होईल. बाजारात तोळाभर सोन्याला तीसेक तोळे चांदी मिळत होती, ही किरकोळ अडचण!

आम्हांला कॉलेजात हा विषय शिकवला तेव्हा मागचे दोन बाक झोपले होते. ९ जुलै १८९६ रोजी शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात छत्तीस वर्षांच्या ब्रायननं मात्र याच विषयावर हजारोंना वेड लावलं. आकडेमोडीत तो फारसा शिरलाच नाही. इकडे राबणारे, तिकडे पैसेवाले, अशी सरळ फाळणी केली. शेतं मोडलीत तर शहरांच्या रस्त्यांवर गवत उगवेल, असं बजावलं. शेवटी, माणसाला सोन्याच्या क्रुसावर खिळू देणार नाही, असं म्हणून स्वतःच हात पसरून उभा राहिला. क्षणभर शांतता, मग नुसता कल्लोळ! दुसऱ्या दिवशी अध्यक्षपदाची उमेदवारी त्याच्या पदरात. क्रुसाचं ते वाक्य त्यानं १८९४ सालीच काँग्रेसमध्ये वापरून पाहिलं होतं. तालीम कुणाला चुकली आहे?

पीपल्स पार्टीनंही त्यालाच उभं केलं. तिच्या लोकांना पॉप्युलिस्ट म्हणत. आज पेपरात येणारा तो शब्द तिथला. ब्रायन १८९६, १९०० आणि १९०८ असा तीनदा पडला. गंमत पुढेच आहे. नव्या खाणींतून सोनं इतकं आलं, की पैसा वाढला आणि भाव चढले. गणित त्याचंच खरं ठरलं; फक्त उपकार केले ते त्यानं खलनायक ठरवलेल्या सोन्यानं!

परवा काउंटरमागे मीही हात पसरून पाहिले. कॅशियर म्हणाला, "पाठ धरली वाटतं?"

तेव्हा भाषणाचा नाद सोडला. पण हल्ली व्याजाचा तक्ता काढण्याआधी समोरच्याला विचारतो, "यंदा भाव काय मिळाला?" तो सांगत बसतो. मागची रांग वाढते, आणि साहेब माझ्याकडे बघतात.