बर्फावरील मासेमारी

बर्फावरील मासेमारी : हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराच्या, नदीच्या किंवा किनारी समुद्राच्या पृष्ठभागावर चालत जाऊन, बर्फाला भोक पाडून खालच्या पाण्यातील मासे गळाने, भाल्याने वा जाळ्याने पकडण्याची पद्धत. उत्तर यूरोप, सायबीरिया, ईशान्य चीन, जपान, कॅनडा व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग येथे ती प्राचीन काळापासून रूढ आहे. महाराष्ट्रात तिला वाव नाही. पुण्यात नोंदलेले नीचतम तापमान १·७° से. (१७ जानेवारी १९३५) असून कर्वेनगरलगत वाहणारी मुठा कधी गोठत नाही. तथापि एकोणिसाव्या शतकात ज्या तळ्यांच्या बर्फावर बसून अमेरिकन कोळी गळ टाकीत, तशाच तळ्यांचा बर्फ मुंबईत विकला जात असे. त्यामुळे या विषयाचा महाराष्ट्राशी अप्रत्यक्ष संबंध येतो.

पाण्याची घनता सु. ४° से. तापमानास सर्वाधिक असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि प्रथम पृष्ठभागच गोठतो. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो व खालच्या पाण्याची उष्णता टिकवून धरतो. खोल सरोवराच्या तळाशी ४° से.च्या आसपासचे पाणी शिल्लक राहते व मासे तेथे जगतात. मोसमाच्या आरंभी, वारा पडलेल्या रात्री संथ पाण्यावर धरलेला पहिला बर्फ स्वच्छ व पारदर्शक असतो. त्यातून खालचे काळसर पाणी दिसते, म्हणून तो स्वतः काळा भासतो. त्याचे स्फटिक उभे व एकमेकांस घट्ट भिडलेले असतात आणि त्यात हवेचे बुडबुडे थोडे असतात. पुढे हिम पडून, भिजून व पुन्हा गोठून जो पांढरा बर्फ बनतो, त्याची ताकद याच्या सुमारे निम्मीच धरतात.

बर्फाची भारक्षमता त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट झाली, तर भार चौपट पेलता येतो. उलट जाडी निम्मी झाली, तर क्षमता चौथ्या हिश्श्यावर येते. पायी जाणाऱ्या एका माणसासाठी किमान १० सेंमी. स्वच्छ बर्फ हवा, असा संकेत उत्तर अमेरिकेत मान्य आहे. पांढरा बर्फ असल्यास ही जाडी दुप्पट धरावी लागते. परंतु एकाच तळ्यावर जाडी सर्वत्र सारखी नसते. झऱ्याचे मुख, ओढ्याचा संगम, दोन बेटांमधील चिंचोळी वाट व वेताची बने येथे बर्फ पातळ राहतो. हिमाचा थर उबदार पांघरुणासारखे काम करून बर्फाची वाढ मंदावतो. म्हणून जाणता कोळी लोखंडी टोकाची काठी पुढे आपटीत, दर काही पावलांवर भोक पाडून जाडी मोजीत जातो. भारतात लडाखमधील गोठलेल्या झांस्कार नदीवरील ‘चादर’ या हिवाळी वाटेवर वाटाडे काठीच्या ठोक्याचा आवाज ऐकून पुढचे पाऊल ठेवतात, ती याच प्रकारची विद्या होय.

इतिहास : आर्क्टिक प्रदेशातील एस्किमो (इन्युइट) लोकांच्या उपजीविकेत बर्फातील भोकांतून केलेल्या शिकारीला व मासेमारीला मोठे स्थान होते. ईशान्य आशियातील खितान लोकांच्या ल्याव राजवंशात (९०७–११२५) तर तिला राजकीय विधीचे रूप आले. सम्राट वसंतारंभी गोठलेल्या नदीवर तंबू ठोकीत असे. बर्फात चार खळगे खोदीत. त्यांपैकी एकच पाण्यापर्यंत आरपार असे. उरलेले तीन पातळ बर्फ शिल्लक ठेवून खोदलेले असत व त्यांतून माशाची चाहूल घेतली जाई. पारदर्शक बर्फाचा खिडकीसारखा केलेला हा उपयोग होय. पहिला मासा मिळताच मेजवानी होई. १११२ मध्ये अशाच मेजवानीत मांडलिक नायकांना नाचण्याची आज्ञा झाली असता जुर्चेन नायक आगुदा याने ती मानली नाही. १११५ मध्ये त्याने चिन राजवंश स्थापिला व १११२ नंतर अवघ्या तेरा वर्षांत ल्याव सत्ता लयास गेली.

यूरोपात स्वीडिश धर्मगुरू ओलाउस माग्नुस याच्या १५५५ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झालेल्या उत्तरेकडील लोकांविषयीच्या ग्रंथात बर्फाखाली जाळी ओढण्याची वर्णने व चित्रे आहेत. भोकांची रांग पाडून लांब काठीने दोर एका भोकातून दुसऱ्याकडे सरकवीत नेण्याची ती रीत पुढेही चालू राहिली.

अमेरिकेतील वॉल्डन तळ्याकाठी १८४५–४७ मध्ये राहिलेला लेखक हेन्‍री डेव्हिड थोरो याने पहिल्या बर्फाचे सूक्ष्म निरीक्षण केले. जेमतेम एक इंच जाडीच्या बर्फावर पालथे पडून त्याने तळ न्याहाळला. १८४६ च्या आरंभी त्याने बर्फावरून तळ्याची मोजणी केली आणि कमाल खोली १०२ फूट ठरविली. हिवाळी सकाळी पाइक जातीचे मासे धरण्यास येणाऱ्या कोळ्यांविषयीही त्याने लिहिले. त्यांचे ज्ञान पुस्तकी नव्हते. ते परंपरेने व अनुभवाने आलेले होते.

मुंबई व अमेरिकन बर्फ : बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर (१७८३–१८६४) याने १८०६ पासून बर्फाचा सागरी व्यापार सुरू केला. नॅथॅनिएल वाइएथ याने घोड्याने ओढावयाचे बर्फ कापण्याचे यंत्र तयार केल्यावर तो स्वस्त झाला. पांढरा थर धरू नये व जाडी लवकर वाढावी, म्हणून तळ्यांवरील हिम खरवडून काढीत. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजाने सु. १८० टन बर्फ कलकत्त्यास निघाला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यापैकी सु. १०० टन उरला. १८३४ मध्ये बर्फ मुंबईतही आला. जमशेटजी जिजीभाई यांनी मेजवानीत आइसक्रीम दिले, तेव्हा यजमान व पाहुणे यांना पडसे झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली होती. १८४३ मध्ये फोर्ट भागात वर्गणीतून बर्फखाना उभा राहिला. यांत्रिक बर्फाचे कारखाने निघाल्यावर, १८८० च्या सुमारास हा व्यापार ओसरला.

१८४६–४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनवरही बर्फ कापणारे मजूर आले. त्यांतील एखादा भेगेतून पाण्यात पडे व थोरोच्या झोपडीत ऊब घेई. या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई व कलकत्ता येथील लोक पितात, अशी कल्पना थोरोने रंगविली; तथापि त्याच्याच नोंदीप्रमाणे त्या वर्षी रचलेल्या सु. दहा हजार टनांच्या ढिगाचा बराच भाग सप्टेंबर १८४८ पर्यंत वितळून तळ्यातच परतला.

आधुनिक काळ : हातकरवतीची जागा यांत्रिक गिरमिटाने व उघड्या बर्फावरील बैठकीची जागा लाकडी खोपटांनी घेतली असली, तरी बर्फाची पारख यंत्रावर सोपविता आलेली नाही. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ईअरी सरोवरात मोठा हिमखंड किनाऱ्यापासून सुटून शंभरांहून अधिक मासेमार अडकले. त्यांची सुटका झाली, पण एकाचा मृत्यू झाला. तापमानवाढीमुळे बर्फ उशिरा धरतो व लवकर सुटतो. जपानच्या सुवा सरोवराच्या गोठण्याच्या नोंदी तेथील मंदिराशी संबंधित लोकांनी १४४३ पासून ठेवल्या आहेत. पूर्वी बहुतेक वर्षी गोठणारे हे सरोवर आता क्वचितच पुरते गोठते. अनेक देशांतील नोंदींच्या २०२० मधील अभ्यासात, हवेचे तापमान –५° ते ०° से. असताना बर्फ फुटून बुडण्याच्या घटना सर्वाधिक असल्याचे दिसले. अमुक तारखेनंतर बर्फ पक्का, हा पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेला आडाखा अशा वेळी घातक ठरतो. तारखेवर विसंबण्यापेक्षा दर पावलागणिक जाडी मोजणे, हाच जुन्या कोळ्यांच्या विद्येतील आजही टिकून असलेला भाग होय.