कुष्ठरोगातील हाताचे तंत्रिकाविकार

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेप्रमाणेच तंत्रिकांवर, म्हणजे संवेदना व हालचालींचे संदेश वाहणाऱ्या नसांवर, हल्ला करतात. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर तंत्रिका सुजून जाड झाली की करंगळी व अनामिका बधिर होतात, पुढे त्या वाकतात आणि पंजासारखी विकृती येते. दुखणे सहा महिन्यांच्या आतले असल्यास प्रेडनिसोलोन हे दाहशामक औषध हळूहळू कमी करत काही महिने दिल्याने गेलेली शक्ती अनेकदा परतते. उशीर झाल्यास वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी विकसित केलेल्या, निरोगी स्नायूचा कंडरा बोटांकडे वळवणाऱ्या शस्त्रक्रियेचा उपाय उरतो, मात्र तिने बधिरपणा जात नाही. म्हणून तापलेला तवा फडक्याने धरणे व हात रोज भिजवून तेल लावणे, हे शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे ठरते.

रोग लवकर ओळखला जावा म्हणून जामखेड तालुक्यात रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात, बहुतांशी निरक्षर असलेल्या गावातल्या स्त्रियांना कुष्ठरोगाचे बधिर चट्टे ओळखण्यास शिकवले गेले. रोग आढळल्यास जंतुनाशक बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो.