तलाव नसलेल्या शहरातील तरंगती पाने

गिरगावातील सी. पी. टँकवर उतरून पाहिले, तर तिथे टँक नाही. धोबीतलावावर तलाव नाही. गवालिया टँकही बुजला. त्याच्या जागी झालेले मैदान ८ ऑगस्ट १९४२ च्या सभेमुळे ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून ओळखले जाते. हे पाणी गेले कुठे? वर्गात लेम्ना किंवा अझोला वाढवू पाहणाऱ्या शिक्षकाने या प्रश्नापासूनच सुरुवात करावी. कारण या वनस्पतींना संथ, उघडे, उजेडातले पाणी लागते, आणि मुंबईने नेमके तेच पाणी मुद्दाम कमी केले.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि जुन्या तलावांची गरज ओसरू लागली. पुढे आरोग्याचे कारण पुढे आले. १९०१ मध्ये लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे सापडलेल्या अ‍ॅनॉफिलिस स्टेफेन्सी या डासाचे वर्णन केले. हा डास विहिरी आणि टाक्यांमधल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मुंबईतील हिवतापाचे मूळ याच पाण्यात आहे, असा अहवाल डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये दिला. मग विहिरी बुजवण्याचे, झाकण्याचे हुकूम निघाले. विहिरीला पवित्र मानणाऱ्या हिंदू आणि पारशी कुटुंबांना ते रुचले नाहीत. बारीक जाळीची झाकणे, हा त्यातून निघालेला मधला मार्ग. महापालिकेचे अधिकारी रुस्तम मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुतींवर १९१८ मध्ये पुस्तकच लिहिले.

मग शाळेत पाण्याचा टब ठेवणे म्हणजे डासांना आमंत्रण नव्हे काय? शंका रास्त आहे. पाण्यावर पानांचा दाट थर असला, तर काही डासांना अंडी घालणे अवघड जाते. पण मॅन्सोनिया डासाची अळी गोंडाळाच्या मुळांना भोक पाडून त्यांतील हवा घेते. म्हणूनच केरळातील शेरतलाई भागात १९८० च्या दशकात हत्तीरोग आटोक्यात आणताना ही वनस्पती काढून टाकण्यावर भर दिला गेला. तेव्हा ‘तरंगती पाने डास घालवतात’ असे सरसकट सांगू नये. गोंडाळ टाळावे, लेम्ना किंवा अझोला घ्यावा.

लेम्ना शेवाळासारखी दिसली तरी सपुष्प वनस्पती आहे. अझोला हे नेचे आहे. त्याच्या पानांतील सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन बांधतात. म्हणून भातशेतीत त्याचा खत म्हणून उपयोग होतो.

पसरट टबात वीतभर पाणी घ्यावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. सकाळचे कोवळे ऊन मिळेल, दुपारचे कडक ऊन टळेल अशी जागा निवडावी. दोन-तीन गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात आणि त्यांच्या विष्ठेतून वनस्पतींना खत मिळते. निम्मे पाणी मोकळे राहील इतकी पाने दर आठवड्याला काढावीत, नाहीतर माशांना प्राणवायू कमी पडतो. अळी दिसते का, हे विद्यार्थ्यांनीच पाहून वहीत लिहावे. सुट्टीत टब रिकामा करून घासून वाळवावा. काढलेली पाने कुंडीत खत म्हणून घालावीत. गटारात किंवा तलावात टाकू नयेत. पवई तलावावर पसरणारी जलपर्णीही मूळची परदेशी, हे मुलांना जरूर सांगावे.

आता गणित. लेम्नाची दहा रोपे दर तीन दिवसांनी दुप्पट झाली, तर तीस दिवसांत किती? उत्तर १०,२४०. टबात मात्र इतकी भरणार नाहीत. का, ते विद्यार्थ्यांनी रोज मोजून, आलेख काढून शोधावे. जागा, उजेड आणि अन्न यांचा हिशोब त्यांना तिथेच कळेल. आणि उघड्या पाण्याची जबाबदारी कोणाची, या शहराला शंभर वर्षांपूर्वी पडलेल्या प्रश्नाचे उत्तरही त्यांना दर आठवड्याला स्वतःच द्यावे लागेल.