गहाण पडलेले सायबरस्पेस

विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ साली आली. संगणकांच्या जाळ्यातल्या या जगाची कथा त्याने लिहिली मात्र साध्या टाइपरायटरवर! आम्हा कारकुनांना हे वाचून जरा बरे वाटते.

१९८८ मध्ये इंटरप्ले या अमेरिकन कंपनीने तिच्यावर व्हिडिओ गेम काढला. कादंबरीतल्या केसची मज्जासंस्था मालकांनी विष घालून नासवलेली असते. सायबरस्पेसचे दार बंद, आणि नुसत्या देहात कोंडले जाणे हेच त्याचे दुःख. गेममध्ये हे दुःख नाही. तिथला नायक जपानमधल्या चिबा शहरातल्या एका बारमध्ये, स्पॅगेटीच्या ताटात तोंड खुपसून झोपलेला. जाग येते तो बारवाला बिल मागत उभा! सायबरस्पेसमध्ये शिरायचे यंत्र, म्हणजे डेक, तेही गहाण पडलेले. खिशात पैसे नसतील तर ‘बॉडी शॉप’मध्ये स्वतःचे अवयव विकायचे. पैसे मिळतात, पण प्रकृती खालावते आणि पुढच्या लढाया जड जातात.

ही कादंबरीशी बेइमानी म्हणावी का? मला नाही वाटत. गिब्सनचे भविष्य निऑन दिव्यांनी झगमगते, पण त्याच्या तळाशी उधारीच आहे. गेमने तीच पुढे आणली. त्यात बराच वेळ जातो तो सायबरस्पेसमध्ये नव्हेच. पासवर्ड शोधण्यात, या ना त्या कंपनीच्या नोंदी वाचण्यात, खात्यावरची शिल्लक बघण्यात. म्हणजे आमच्या कचेरीसारखेच की हो!