गांजा, हकीम आणि डोक्याला लागलेला मार

१८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील आयरिश डॉक्टर विल्यम ओ'शॉनेसी याने गांजाच्या औषधी उपयोगावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने आपल्या माहितगारांची नावे दिली आहेत: हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली आणि तेहरानचे एक हकीम. फारसी 'मखजनुल अदविया'चाही आधार घेतला. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून बरे वाटते. असे ऋण सहसा कोणी नोंदवत नाही. त्याने आधी जनावरांवर प्रयोग केले, मग रुग्णांवर. झटके येणाऱ्या ४० दिवसांच्या बाळाला आराम पडला. पिसाळलेले कुत्रे चावलेला रुग्ण मात्र दगावला, फक्त त्याच्या यातना कमी झाल्या. दोन्ही गोष्टी त्याने लिहून ठेवल्या.

त्याच्याही आधी, १५व्या शतकात, इब्न अल-बद्रीने बगदादच्या एका दरबाऱ्याच्या मुलाची हकिकत नोंदवली होती. हशीशने त्याची मिरगी थांबली, पण हशीश काही सुटली नाही.

नशा आणणारा घटक वेगळा आणि कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, वेगळे, हे कळायला विसावे शतक उजाडले. १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी सीबीडी वेगळे काढले. १९६३ मध्ये इस्राएलमध्ये राफेल मेशुलम यांनी त्याची रचना उलगडली. २०१८ मध्ये अमेरिकेने ते लहानपणी सुरू होणाऱ्या मिरगीच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मंजूर केले.

पण डोक्याला मार लागला असेल तर? माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून पडला. तेव्हापासून डोकेदुखी, चिडचिड, रात्र रात्र जागरण. त्याच्या अम्मींनी मोबाइलवर सीबीडी तेलाची जाहिरात दाखवली. "सर, मागवू का? हराम तर नाही ना?"

मला डेक्सानाबिनॉल आठवले. मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेतून निघालेले, गांजातल्या रसायनांच्या धर्तीचे पण नशा न आणणारे औषध. मार बसल्यावर मेंदूच्या सगळ्या पेशी त्याच क्षणी मरत नाहीत; सूज आणि रासायनिक उलथापालथ पुढे कित्येक तास त्यांचा बळी घेत राहते. ते थांबवायचे होते. जनावरांत साधले. मग १५ देशांतल्या ८६१ गंभीर जखमींवर चाचणी झाली. सहा तासांच्या आत इंजेक्शन. २००६ मध्ये निकाल छापून आला: सहा महिन्यांनंतर औषध मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फरक नव्हता.

सीबीडी हा निराळा पदार्थ आहे, त्याचा निकाल यावरून लागत नाही. जनावरांवरचे प्रयोग त्याच्याही बाजूने बोलतात. पण मार लागलेल्या माणसांवर अशी मोठी चाचणी होऊन त्याचा गुण सिद्ध झालेला नाही.

मुलाला झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या चालू होत्या. त्यांच्या जोडीला सीबीडी घेतले तर यकृताला अपाय होण्याचा धोका वाढतो. मी अम्मींना म्हटले, जाहिरात आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, हलाल-हराम मग मौलानांना विचारू.